तोंडोची लिओनिला

सेबू बेटावरच्या कारकार गावच्या बाजारात लिओनिलाला तिच्या नावाने हाक मारणारा एकच माणूस होता, तो म्हणजे तिचा नवरा उर्बानो. बाकी सगळ्यांसाठी ती 'मनिला'. "मनिला, दहा पुसो दे." "मनिला, जरा टोपली सरकव." नारळाच्या पातीच्या विणलेल्या पुडीत शिजवलेला भात म्हणजे पुसो, तो ती विकायची. भाजलेल्या डुकराच्या ठेल्यांच्या रांगेतली तिची जागा बत्तीस वर्षं हलली नव्हती.

ती मूळची मनिलातल्या तोंडो वस्तीची. उर्बानो तिथल्या बंदरावर मालाची चढउतार करायला गेला आणि दोन वर्षांनी हिच्याशी लग्न करून सेबू बेटावर परतला. पहिल्याच आठवड्यात सासूने अंगणात भात वाळत घातला आणि सांगितलं, "लांगाम येतील, बघत बस." मनिलाच्या भाषेत लांगाम म्हणजे मुंगी. ही नवी नवरी वाकून वाकून मुंग्या शोधत राहिली आणि तिच्या पाठीमागे पाखरांनी निम्मा भात फस्त केला. सेबूत लांगाम म्हणजे पाखरू. दिवस मावळायच्या आत सगळ्या बाजाराला ही गोष्ट पाठ झाली होती.

पण लिओनिला वरमणाऱ्यातली नव्हती. तोंडोची माणसं तोंडाला कधी कमी पडत नाहीत. "आमच्या मनिलात" म्हटल्याशिवाय तिचं बोलणं सुरूच व्हायचं नाही. "आमच्या मनिलात रस्ता ओलांडायला पण हिंमत लागते. इथे काय, कोंबडीसुद्धा डुलक्या घेत ओलांडते."

शेजारच्या ठेल्यावर बासिलिसा मांस तोडायची. वयाने चार वर्षं मोठी, म्हणून लिओनिला तिला 'मानांग' म्हणायची, पण सगळ्यात जास्त भांडायचीही तिच्याशीच. सुऱ्याच्या ठेक्यावर बासिलिसाचं उत्तर तयार असायचं. "तुमच्या मनिलात गुडघाभर पाणी साचलं की देशभर बोंब. आमची छपरं वादळात उडून गेली तर बातम्यांच्या शेवटी अर्धी ओळ. टीव्हीवर मोलकरीण असली की ती आमच्यासारखी बोलणार, आणि मालकीण तुमच्यासारखी."

"मग मालकिणीने तुमच्यासारखं बोलायचं, मानांग? नोकरांना कळायला नको?"

गिऱ्हाईकं हसायची आणि थोडं जास्त मांस घेऊन जायची. लिओनिलाच्या तिसऱ्या बाळंतपणात सव्वा महिना तिच्या घरी चूल पेटवली ती बासिलिसानेच. त्या सव्वा महिन्यातही मनिला शहराला शिव्या घालायचा तिचा एक दिवस चुकला नाही.

बाजारातल्या अकरा बायकांचं चर्चमध्ये गाणारं मंडळ होतं. एका वर्षी त्यांना मनिलातल्या गायनस्पर्धेचं बोलावणं आलं. "त्या गावात मी पाय ठेवणार नाही," बासिलिसाने जाहीर केलं, आणि सगळ्यांच्या आधी बॅग भरून मोकळी झाली.

लिओनिलाने पुढारीपण आपल्याकडे घेतलं. आईच्या अंत्यविधीनंतर एकोणीस वर्षं ती मनिलाला गेली नव्हती, पण ते तिने कोणाला आठवू दिलं नाही. "माझ्या मागे यायचं. प्रत्येक गल्ली मला पाठ आहे." नवा झगा शिवला, ओठ रंगवले, आणि जहाजावर बारीकसारीक सूचना देत राहिली. पिशवी पोटाशी धरा. कोणाकडे बघून उगीच हसू नका. भाव विचारताना तोंड वाकडं करा.

बंदरावर उतरल्यावर अकराजणींनी एक अख्खी जीपनी, म्हणजे लांबट जीपची प्रवासी गाडी, भरून टाकली. ड्रायव्हरला आपली भाषा कळत नाही या भरवशावर बासिलिसा मोकळी सुटली. "नाक बघा याचं, जसं काही बंदर याच्या बापाचं."

"आणि वळणं कशी घेतोय," मागून कोणीतरी म्हणालं, "जशी याची बायको पळून चाललीय."

लिओनिला ड्रायव्हरच्या शेजारी ऐटीत बसली होती. तिने आपल्या मनिलाच्या भाषेत हुकूम सोडला, "पुढच्या डाव्या गल्लीत घे रे. जवळ पडेल."

"ती गल्ली जाऊन पंधरा वर्षं झाली, नानाय. तिथे मॉल झालाय." आईच्या वयाच्या बाईशी बोलतात तसं तो अदबीने बोलला. मग तिच्याकडे बघून हसला. "सेबूकडच्या विसाया बेटांवरून आलात ना? 'ए'चा 'इ' करता, त्यावरून कळतं."

मागच्या दहाही जणी पुढे वाकल्या.

लिओनिलाचा चेहरा उतरला. गिऱ्हाइकांशी घासाघीस करताना, पोरांना ओरडताना, देवाजवळ बसताना जीभ कधी वळली, तिला कळलंच नव्हतं. आणि ते आपल्याच गावात, आपल्याच माणसाने सांगावं? ती समोरच्या काचेकडे बघत राहिली.

तेवढ्यात बासिलिसा ताडकन उभी राहिली. जीपनीचं छत डोक्याला लागलं तरी थांबली नाही. मोडक्यातोडक्या मनिलाच्या भाषेत म्हणाली, "ए, नीट बोल. ही तोंडोची आहे. चर्चच्या मागची. बत्तीस वर्षं आम्ही हिला मनिलावाली म्हणून छळतोय, ते काय उगीच?"

"हिला मुंगी आणि पाखरू यातला फरक कळत नव्हता," दुसरीने साक्ष दिली.

"आणि घमेंड तर इतकी, की तुझ्या सगळ्या शहराला वाटली तरी उरेल," तिसरी म्हणाली.

ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटला. हसू आवरल्यावर तो चक्क त्यांच्याच भाषेत बोलला, जरा मनिलाच्या हेलात, पण स्वच्छ. "माझी आई बोहोलची, तुमच्या शेजारच्या बेटावरची. बंदरापासून माझ्या नाकाबद्दल जे चाललंय ते सगळं समजलं, मानांग."

बासिलिसा हळूच खाली बसली. "वळणांचं पण ऐकलंस?"

"ऐकलं. बायको पळालेली नाही, घरी आहे."

"मग एवढी घाई कशाला?"

"घरी आहे म्हणूनच."

अकराजणी इतक्या हसल्या की रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. लिओनिला डोळे पुसत होती. त्यात हसणं किती आणि रडणं किती, तिचं तिलाच सांगता आलं नसतं. ड्रायव्हरने त्यांना थेट तिच्या माहेरच्या दारात सोडलं. धाकटी बहीण नेनिता धावत आली, गळ्यात पडली, आणि दोन वाक्यांतच मागे सरून बघायला लागली. "ताई, तू बोलतेस कशी ही?"

"जशी बोलते तशी," लिओनिला म्हणाली. "आधी पाणी दे सगळ्यांना."

स्पर्धेत मंडळाचा चौथा नंबर आला. बासिलिसा तोंड उघडणार, त्याआधी लिओनिलाच फणकारली, "या मनिलावाल्यांना गाण्यातलं काय कळतंय?" दहाजणी तिच्याकडे बघत राहिल्या. तिने मान उडवली आणि पिशवी पोटाशी धरून चालू लागली.

मे महिन्यात नेनिता पहिल्यांदाच कारकारला आली. बाजारात बसून तिने तीन ताटं भाजलेलं डुक्कर खाल्लं, बोटं चाटली आणि म्हणाली, "असं आमच्या मनिलात पण मिळतं."

"नाही मिळत," लिओनिला आणि बासिलिसा एका सुरात म्हणाल्या, आणि बासिलिसाने चौथं ताट वाढायला घेतलं.