गोदावरीबाईंचं ओलेतं

अमरावतीत महालक्ष्म्यांचा सोवळ्यातला स्वयंपाक करायला गोदावरीबाई सायकलवर जातात. वय अठ्ठावन्न, अंगावर नऊवारी. नात श्रावणी चिडवते, "आजी, लेगिंग घाल ना!"

"कालच तुझी ओढणी चेनमध्ये गेली होती नं? माझा कासोटा वीस वर्षांत एकदा अडकला नाही."

खोटं नाही ते. सायकलीचं लुगडं त्या पारखून घेतात. सुती, गडद, बारीक काठाचं. खळ देत नाहीत. पाय मोकळा फिरत नाही म्हणतात. चेनचं काळं लागलंच तर आधी खोबरेल चोळायचं, मग साबण. रेशमी सोवळं मात्र धुतल्यावर कोणी शिवायचं नाही. ते डब्यात घालून कॅरिअरला बांधतात आणि ज्यांच्याकडे स्वयंपाक असेल त्यांच्या घरी न्हाऊन नेसतात.

यंदा स्वयंपाक माणिकबाईंकडे होता. सकाळी सातला, त्यांच्या घराच्या वळणावरच एका स्कूटरवाल्याने कट मारला. बाई सावरल्या, पण डबा सुटला, झाकण उघडलं नि सोवळ्याचं टोक चिखलात. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. टोक धुऊन तेच नेसल्या असत्या तर कोणाला कळणार होतं?

बाईंनी दारातच सांगून टाकलं.

माणिकबाईंचा चेहरा उतरला. दुपारी दोनला नैवेद्य, पुरणाची डाळही शिजायची होती. मुलगा केदार म्हणाला, "आई, केटररले फोन लावू का?"

"महालक्ष्म्यांना केटरर? डोकं फिरलं का तुझं!"

"मी ओलेत्यानं करते," गोदावरीबाई म्हणाल्या. अंगावरच्या लुगड्यासकट न्हाऊन, तसंच ओल्यानं रांधलेलं सोवळ्यातलंच धरतात.

"या वयात? ताप भरेल हो!"

"गॅसजवळच तर उभं राहायचं आहे. अन् ती आई आपल्याच लेकराले ताप देईल का?"

नळाजवळ बसून त्यांनी डोक्यावरून चार बादल्या ओतून घेतल्या. पदर कमरेला खोचला आणि ओट्यापाशी उभ्या राहिल्या. पुरण, कढी, वडे, आंबील, सोळा भाज्या. पाठ गार, पोटाशी वाफ. दोनदा शिंकल्या, पण हात थांबला नाही. दोनला दहा कमी असताना महालक्ष्म्यांपुढे पानं वाढलेली होती.

आरती झाली. वयाने मोठ्या असलेल्या माणिकबाई देवीला नमस्कार करून वळल्या आणि थेट गोदावरीबाईंच्या पायाशी वाकल्या.

"अहो, शिवू नका!" बाई दोन पावलं मागे सरकल्या. "अख्खी पंगत वाढायची आहे अजून!"