आलिमाने दिलेली दोन नावं

आलिमा येवल्याच्या शाळेत दहावीपर्यंत माझ्याकडे होती. वर्गात फारसं बोलायची नाही, पण फळ्यावर माझं काही चुकलं की तास संपल्यावर टेबलाशी येऊन हळूच सांगायची. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि नाशिकला द्राक्षं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत लागली. तिचे वडील इसाकभाई लासलगावचे कांदा व्यापारी कोंडाजी यांची पिकअप चालवतात.

तिला पीएच.डी. करायची होती. डब्याच्या सुट्टीत ती मोबाइलवर जागा शोधायची. परदेशात काही ठिकाणी अशी जागा नोकरीसारखी जाहिरात देऊन भरतात आणि पगारही देतात, हे तिने घरी सांगितलं तेव्हा इसाकभाई म्हणाले, "शिकायचा पगार? मग आपण इतकी वर्षं फी कशाची भरली?"

बरेच अर्ज गेले. काहींचे नकार आले, काहींचं तेवढंही नाही. मग नेदरलँड्सच्या एका विद्यापीठाची जाहिरात दिसली. विषय होता साठवणीतल्या कांद्यावरची बुरशी. आलिमाचा एम.एस्सी.चा प्रकल्प कांदाचाळीत साठवलेल्या कांद्यावरच्या काळ्या बुरशीवरच होता. इतकी जुळणारी जागा पुन्हा कधी निघेल, सांगता येत नव्हतं.

अर्जात शिफारस करणाऱ्या दोघांची नावं हवी होती. आपल्याकडे कुठे शब्द टाकायचा तर वजनदार माणूस बघतात. आलिमानेही तेच केलं. एक नाव माझं दिलं, दुसरं कोंडाजींचं.

पहिल्या चाळणीत ती टिकली आणि विद्यापीठाने आम्हा दोघांना ईमेल केला. कोंडाजी घाबरले. त्यांनी इसाकभाईंना फोन लावला, की पोरीची परदेशातून चौकशी आलीय, काही लफडं तर नाय ना. मला विचारलं होतं, ती प्रयोग स्वतः आखते का, निष्कर्ष कसे पडताळते. मी तिला शिकवली भूमिती.

उत्तर शुक्रवारपर्यंत जायला हवं होतं. मी तिला घरी बोलावलं आणि तिच्या प्रकल्पाच्या मार्गदर्शक डॉ. संजना दोंदे यांचं नाव का दिलं नाही, ते विचारलं. मग हळूहळू कळलं. मॅडमच्या आधीच्या निष्कर्षाशी हिचे आकडे जुळेनात. त्यांनी प्रयोग पुन्हा करायला लावला, पुन्हा तेच आलं. वाद झाला. शेवटी मॅडमनी एक शब्द न बोलता प्रकल्पाच्या अहवालावर सही केली होती.

"त्या माझ्याबद्दल चांगलं कशाला लिहितील, बाई?"

"चांगलं राहू दे. तुझं काम त्यांनी बघितलंय, मी नाही."

सोबत येऊ का म्हटलं, तर नको म्हणाली. एकटीच कॉलेजात गेली. कोंडाजींचं नाव ऐकून मॅडमनी आधी तिला झापलं, "संशोधनाला चाललीस की कांदे विकायला?" मग खुर्ची पुढे ओढून म्हणाल्या, "तुझं बरोबर होतं. मला कबूल करायला वेळ लागला."

कोंडाजींच्या जागी मॅडमचं नाव घ्यायची विनंती विद्यापीठाने मान्य केली. मी शाळेतलं जेवढं ठाऊक होतं तेवढंच लिहिलं. मॅडमनी पत्रात तो वाद जसा झाला तसा लिहिला. मुलाखतीत त्यावरच प्रश्न आले, आणि त्या आकड्यांवर आलिमाइतकं कोण बोलणार!

निवड झाल्याचं तिने सगळ्यात आधी दोंदे मॅडमना कळवलं.

"तिथल्या गाइडशी पहिल्या महिन्यात भांडू नकोस," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यात चालेल."