घरचा उच्चार

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी रुचिरा सावंत साकीनाक्याच्या एका कॉल सेंटरमधल्या छोट्या बंद खोलीत मायक्रोफोनसमोर बसून इंग्रजी वाक्यं वाचत होती. तुमचं पार्सल बुधवारी निघालं. व्हिडिओ दिसत नसेल तर वायर तपासा. ही वाक्यं भारतीय उच्चारात वाचायची होती आणि तिला ते जमत नव्हतं.

रुचिरा चव्वेचाळीस वर्षांची आहे. आई सुगंधासोबत घाटकोपरला राहते. घरात कमावणारी ती एकटी. या कंपनीत ती उच्चार शिकवायची. फोनवर बसणाऱ्या मुलांचं इंग्रजी परदेशी ग्राहकाला खटकू नये, हे तिचं काम. तोंडासमोर कागद धरायचा आणि 'पेपर' म्हणायचं. कागद हलला तर प बरोबर. व्हिडिओचा व दात ओठावर टेकवून, वायरचा व ओठांचा चंबू करून. अमेरिकन ग्राहकासाठी र घोळवायचा, ब्रिटिशासाठी तोच गिळायचा. भारतीय उच्चाराला वर्गात एकच नाव होतं, एमटीआय, म्हणजे मातृभाषेचा परिणाम. आजाराचं नाव घ्यावं तसं ते घेतलं जाई. अमक्याचा एमटीआय अजून गेला नाही, तमकीचा बराच कमी झाला.

यंदा कंपनीने एक सॉफ्टवेअर घेतलं. मुलगा कसाही बोलला तरी पलीकडच्या ग्राहकाला स्वतःच्या देशाचा उच्चार ऐकू येतो. वर्ग बंद झाले. एक जागा उरली. सॉफ्टवेअरला भारतीय इंग्रजी नीट ओळखता यावं म्हणून नमुने वाचून द्यायचे आणि इतरांचे तपासायचे. व्यवस्थापक देवव्रत लेले याने ती रुचिरासाठी धरून ठेवली. आवाजाची चाचणी तेवढी बाकी होती.

पहिले नमुने परत आले. सॉफ्टवेअरवाल्यांकडच्या, तिला कधी न पाहिलेल्या कुणीतरी शेरा लिहिला होता: वाचणारी व्यक्ती भारतीय नाही. रुचिरा हसली. देवव्रत हसला नाही.

"अगं, साधं बोल ना. घरी बोलतेस तसं."

"घरी मी मराठी बोलते."

"आणि इंग्रजी?"

"ते मी इथेच बोलते."

दुसऱ्या वेळी तिने ठरवून भारतीय उच्चार काढला. तिच्या तोंडात तो एकच उरला होता, वर्गात मुलांना हसवायला ती काढायची तो. 'सर, युवर गुड नेम प्लीज?' ट ठोकून, प्रत्येक शब्दावर सारखाच जोर देत. तो कुणाचा, हे तिने वर्गात कधी सांगितलं नव्हतं. तिचे वडील दत्ताराम गिरणी बंद पडल्यावर याच भागात एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होते. तिथे ते असं इंग्रजी बोलत, आणि त्यांना त्याचा अभिमान होता. रुचिरा घरी सराव करत होती तेव्हा सुगंधाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "बापाशीची नक्कल करतंस गो?" रुचिराने नाही म्हणून सांगितलं.

त्या नमुन्यांवर शेरा आला: नक्कल वाटते, अपमानकारक, वापरू नये.

आजची तिसरी खेप होती. मधलं काहीतरी काढायचा तिने प्रयत्न केला. काही वाक्यं अमेरिकन झाली, काही वडिलांची. एकही तिचं वाटलं नाही. चारच्या सुमारास देवव्रतने तिला बोलावून सांगितलं की जागा दीप्तीला दिली आहे. मुलुंडची दीप्ती तिचीच विद्यार्थिनी. एमटीआय जात नाही म्हणून रुचिराने तिला दोनदा नापास केलं होतं. दीप्तीचे नमुने पहिल्या फटक्यात पास झाले होते.

दीप्ती बाहेर उभी होती. तिने आधी कसला सराव करावा लागेल का, असं विचारलं.

"काही करू नकोस," रुचिरा म्हणाली. "मी शिकवलेलं तेवढं विसर."

ते दीप्तीने आधीच केलं होतं, किंवा ते तिला कधी आलंच नव्हतं.

देवव्रतकडे एक पर्याय होता. फोनवर बसायचं, ब्रिटिश ग्राहकांच्या पाळीला. रुचिरा हो म्हणाली. माझ्यापुरतं सॉफ्टवेअर बंद ठेवता येईल का, मला त्याची गरज नाही, असं तिने विचारलं.

"सगळ्यांना एकच सेटिंग आहे गं," देवव्रत म्हणाला.

तिची पाळी उद्या दुपारी अडीचला सुरू होते. तिसरा मजला, खिडकीकडची रांग. सॉफ्टवेअर चालू असेल.