वरचा आकडा

धुळ्याच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची जागा निघाली आणि मला ती हवीच होती. ती मिळाली नाही तर उन्हाळ्यात माझं लग्न उरकायचं, असं घरात ठरलं होतं. अट एकच : बीएस्सीच्या मुख्य विषयात निदान पंचावन्न टक्के. माझा मुख्य विषय रसायनशास्त्र.

आबा, म्हणजे माझे वडील, भुसावळ स्टेशनात पार्सल क्लार्क. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून अर्ज त्यांनीच भरला. चाळीसगावला धुळ्याची गाडी धरली, तेव्हा कुठे मी तो नीट वाचला. 'मुख्य विषयातील शेकडा गुण : ५५.'

मला आठशेपैकी चारशे पस्तीस होते. मार्कलिस्टच्या पाकिटावर भागाकार केला. पुन्हा केला. ५४.३७५.

आबांनी पंचावन्न कसे काढले ते लगेच कळलं. पार्सलच्या खिडकीवर अडतीस किलोवर शंभर ग्रॅम भरले की पावतीवर एकोणचाळीस लिहायचे, हा नियम. आयुष्यभर तेच केलेलं. कुणाला कधी खोटं वजन सांगितलं नाही, याचा त्यांना भारी तोरा. समोरच्या बाकावर ते निवांत पेंगत होते. उठवून सांगायला हवं होतं. मी पाकीट पर्समध्ये कोंबलं. पंचावन्न मलाही हवे होते.

ऑफिसात हेडक्लार्कने मार्कलिस्ट शेजारी ठेवून पेन्सिल चालवली.

"हा आकडा कुणी काढला?"

"मी."

"सायन्सची पदवीधर, आणि साधा भागाकार येत नाही? की मुद्दाम केलंत?"

मागच्या बाकावरून आबा उठले. ऑफिसात नेहमी पुस्तकी बोलणारे आबा त्या दिवशी घरच्या बोलीत बोलले.

"पोरले भागाकार येस, साहेब. आकडा मी काढेल शे."

पेन मागून घेऊन त्यांनी ५५ वर रेघ मारली, हेडक्लार्कला विचारून खरा आकडा लिहिला आणि शेजारी सही केली. अर्ज तिथल्या तिथे परत मिळाला.

परतीच्या गाडीत रुमाल काढताना ते पाकीट खाली पडलं. आबांनी उचललं, भागाकार पाहिला.

"तुले आधीच माहीत व्हतं?"

मी हो म्हणाले. पाकिटाची घडी घालून त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं आणि भुसावळ येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिले.

लग्न उन्हाळ्यात झालं. त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही; वाटलं ते त्या पाकिटाचं.