बिनदाताची पारख

“ताई, त्या मिक्सरला हात लावू नका हो. सफरचंदाचा लगदा दिला तर आबा थुंकतील, आणि थुंकतील तेही तुमच्याच अंगावर.”

“मावशी, काल तुमच्या फोडीनंच त्यांचा जीव जात होता. विसरलात?”

मावशी कशाला विसरतेय! आबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून या घरात तीच रांधत होती. भात-भाजी ते कसंबसं ढकलायचे, पण मागून दालचिनीतल्या सफरचंदाची वाटी आली की लहान पोरासारखा आ करायचे. तोंडात दात एकही नाही. फोड जिभेनं टाळूवर दाबायची, विरली की गिळायची. पण फोड फोडीसारखी दिसायला हवी. लगदा दिसला की तोंडाला कुलूप.

काल परगावाहून त्यांची लेक, ताई, आली आणि तिच्यासमोरच फोड घशात अडकली. आबा निळे पडले. पाठीत धपाटे घालून ती कशीबशी बाहेर काढली. तेव्हापासून म्हाताऱ्यानं घास म्हणून घेतला नव्हता. सकाळीच लेकीनं वृद्धाश्रमात फोन लावला होता.

“आश्रमाची गाडी निघालीय. आता खाल्लं तर बघू. नाहीतर तिथं नाकातून नळी घालतील. पोटात तरी जाईल काही.”

मावशीनं गॅस बारीक केला. पातेल्यात लोणी, साखर, दालचिनी, पाण्याचा हबका. साल काढलेल्या फोडी कडेनं काचेसारख्या व्हायला लागल्या. एक चमच्यावर घेऊन तिनं फुंकर घातली आणि तिथंच थांबली. ताई दारात हाताची घडी घालून उभी. कालही अशीच उभी होती. तिथंच तर माशी शिंकली होती.

“चाखा की.”

“तुम्ही जरा बाहेर थांबता का?”

“मी हलणार नाही. आज सगळं माझ्या डोळ्यांदेखत.”

मावशीनं पदर तोंडाशी नेला. मग म्हणाली, “मरू दे मेलं!” आणि वरची कवळी काढली, खालची काढली, दोन्ही वाटीत खळकन टाकल्या. गाल आत गेले. ताई बघतच राहिली.

“रोज अशीच चाखते,” मावशी बोळक्या तोंडानं फुसफुसली. “काल तुमच्यापुढं लाज वाटली. कवळीनं चावली तर लोण्यासारखी लागली. चुकलंच माझं.”

तिनं फोड टाळूला दाबली. विरेना. पातेल्यावर झाकण ठेवलं.

बाहेर हॉर्न वाजला.

“आली गाडी. आटपा!”

“सफरचंदाला हॉर्न कळत नाही, ताई.”

दुसरी फोड मधे अजून कच्चीच, खड्यासारखी लागली. पुन्हा झाकण. तिसरी टाळूला टेकली न टेकली तोच विरघळली. तेव्हा कुठं गॅस बंद झाला.

फोडींची वाटी पुढं आली तरी आबांचे ओठ घट्टच. त्यांनी फोडीकडे पाहिलं, मग मावशीच्या बसक्या गालांकडे. घशातून खुर्र असा आवाज आला. हसू की ठसका, कळेना. पण तोंड उघडलं होतं, आणि मावशीनं चमचा आत सारला. जबडा हलला. थांबला. ताईचा हात धपाट्यासाठी वर गेला.

गळ्याची घाटी वर चढली, खाली आली. आबांनी पुन्हा आ केला.

वाटी निम्मी झाली तेव्हा दुसरा हॉर्न वाजला. ताई बाहेर गेली. थोड्या वेळानं गाडी रिकामीच वळली.

“आजच्यापुरतं हं, मावशी. उद्याही मी इथंच उभी राहणार.”

“राहा की. आता झाकायचं राहिलंय काय!”

मावशीनं दोन्ही कवळ्या धुऊन बसवल्या, चिकटलेल्या पातेल्यात पाणी ओतलं आणि संध्याकाळच्या भाजीसाठी भोपळा चिरायला घेतला.