बसचं लाल तेल जातं कुठे

शाळेच्या मोठ्या बसच्या गिअरबॉक्समधलं लाल तेल रोज कमी होत होतं, आणि खाली जमिनीवर त्याचा थेंबसुद्धा पडत नव्हता. मिस्त्रींचा उभ्या आयुष्यात इतका अपमान कुणी केला नव्हता.

मिस्त्री म्हणजे हाडाचे मिस्त्री. लहानपणी त्यांनी आईचं शिवणयंत्र उघडलं होतं, त्याबद्दल मार खाल्ला होता, आणि मार खाऊन झाल्यावर ते पुन्हा जोडून दिलं होतं. लग्नसुद्धा त्यांचं गॅरेजातच जमलं. एक मुलगी मामाचा टेम्पो घेऊन आली आणि म्हणाली, "क्लच गेलाय." मिस्त्री म्हणाले, "क्लच ठीक आहे, पाय चुकतोय." मुलगी भडकली, टेम्पो मागे घेतला आणि गॅरेजची भिंत पाडली. भिंत बांधून होईपर्यंत दोघांचं ठरलं होतं. पुढे मिस्त्रींनीच तिला मोठ्या गाड्या चालवायला शिकवलं, आणि आता ती शाळेची बस चालवत होती. पोरं तिला बसमावशी म्हणायची आणि बसला म्हैस, कारण वळायचं म्हटलं की ती आधी विचार करायची.

या म्हशीचे गिअर आपोआप पडायचे. मावशी सकाळची फेरी आटोपून आली की मिस्त्री मागची झडप उघडायचे, तेलाची पट्टी उपसायचे, पुसायचे, बुडवायचे. रोज तेल कमी. मग फळीवरच्या कॅनमधून तेवढं घालायचं आणि दिवसभर डोकं खाजवायचं.

त्यांनी काय काय केलं ते सांगायला लागलो तर हसू आवरायचं नाही. बसखाली पुठ्ठे अंथरले, पुठ्ठे कोरडे. रेडिएटरचं पाणी काचेच्या ग्लासात काढून उन्हात धरलं, तेल त्यात मिसळतंय का म्हणून, पाणी स्वच्छ. मग बायकोचा पावडरचा डबा पळवला आणि सबंध गिअरबॉक्सला पावडर थापली, म्हणजे जिथून ओल येईल तिथे डाग उमटेल. डाग कुठेच उमटला नाही. म्हैस मात्र गावभर गुलाबाचा वास सोडत हिंडली, आणि एका मुलीच्या आजीने मावशीला थांबवून विचारलं की ही कुठली पावडर. घरी मिस्त्री चहात चमचा बुडवायचे आणि बाहेर काढून उजेडात धरायचे, कुठपर्यंत भिजलाय ते बघायला. मावशी तोंडाला पदर लावून हसायची. मिस्त्रींना वाटायचं, हिला काय कळतंय माझ्या जिवाला काय घोर लागलाय तो.

घोर खरा होता. बसचे मालक काही वाईट माणूस नव्हते, पण त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं: "मिस्त्री, चढावर मुलांनी भरलेली गाडी अडकली तर मी कुणाकुणाला तोंड दाखवू? शनिवारी भंगारवाला येतोय. तोवर तेल कुठे जातं ते सांगा, नाहीतर म्हैस त्याची." म्हशीच्या जागी एक छोटी व्हॅन येणार होती, आणि ती चालवायला मालकांचा जावई तयारच होता. म्हणजे मावशी घरी. मिस्त्रींना हे बायकोला सांगायचा धीर होत नव्हता. स्टिअरिंगवर बसली की ती वीस वर्षांची दिसायची, आणि ती तशी दिसली की त्यांनाही बरं वाटायचं. हे सगळं एका थेंबापायी जाणार, आणि तो थेंब सापडत नाही.

शनिवारी दुपारी मिस्त्री बाजारातून गिअरबॉक्सचं नवं सील आणायला म्हणून निघाले. दुकान बंद. परत आले तर म्हैस फेरी संपवून जागेवर उभी होती, इंजिन नुकतंच बंद झालेलं, आणि मावशी नळावर हात धूत होती. मिस्त्रींनी विचार केला, गरम आहे तोवरच बघू. चाकांच्या फळीवर उताणे झाले आणि सरकले खाली. तिथे पावडर, काळोख आणि ते.

थोड्या वेळाने चपला वाजल्या. ओळखीच्या चपला. त्या थेट मागच्या झडपेपाशी थांबल्या. झडप उघडली, पट्टी उपसली गेली, फडक्याने पुसली गेली, परत आत गेली, परत बाहेर आली. "आज पण जास्त," मावशी स्वतःशीच म्हणाली आणि तिने च् केलं. मग पिचकारीची नळी आत गेली आणि दांडा ओढल्याचा आवाज आला. मिस्त्री डोळे विस्फारून ऐकत राहिले. नळी बाहेर येताना तिच्या टोकाचा एक लालभडक थेंब सुटला तो बरोबर मिस्त्रींच्या कपाळावर. इतके दिवस ज्याची वाट पाहिली तो हाच.

"अगं," बसखालून आवाज आला, "काय चाललंय?"

मावशीच्या हातून पिचकारी पडली. मग ती वाकली, आणि पांढऱ्या पावडरीने माखलेला, कपाळावर लाल टिळा असलेला नवरा बघून जमिनीवरच बसली.

"तुम्ही बाजारात होतात ना?"

"तू तेल काढतेस?"

"काढते. नाहीतर काय करू? रोज जास्त घालता तुम्ही. तुम्हाला आता पट्टीवरची खूण दिसत नाही, हे मला कळत नाही का? मालकांच्या लक्षात आलं असतं तर तुमचं काम गेलं असतं. म्हणून दुपारच्या फेरीनंतर गुपचूप काढून ठेवते."

"इंजिन बंद करून बघतेस?"

"तुम्हीच शिकवलंत. गाडी बंद कर, थांब, पूस, बुडव, वाच."

"ते इंजिनच्या तेलाचं! गिअरबॉक्सचं इंजिन चालू ठेवून बघायचं असतं. बंद केलं की वरचं सगळं तेल खाली उतरतं आणि पट्टी उगाच जास्त दाखवते."

"मग ते का नाही शिकवलंत?"

"गिअरबॉक्सचं मीच बघतो म्हणून."

 मग मिस्त्रींनी हळूच विचारलं, "काढलेलं तेल कुठे टाकतेस?"

"टाकते कशाला? चांगलं तेल. फळीवरच्या कॅनमध्ये ओतते."

मिस्त्री रोज त्याच कॅनमधून तेल घालत होते. तो कॅन इतक्या दिवसांत संपला नाही, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मिस्त्रींचं पोट आधी हललं, मग पाठीखालची सबंध फळी हलली. मावशीने हसू दाबायचा प्रयत्न केला तर ते नाकातून बाहेर आलं. दोघांची मुरकुंडी वळली. फळी सरकत सरकत मिस्त्रींना घेऊन बसखालून बाहेर आली आणि मालकांच्या पायाशी थांबली. शेजारी भंगारवाला उभा होता.

"कुणाला लागलंय का?" मालकांनी घाबरून विचारलं.

मिस्त्री उठून बसले. सील गेलं होतं, बदललं, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण गाडीवर खोटा आळ घेणं त्यांच्याने होईना. "तेल कुठेच जात नव्हतं," ते म्हणाले. "मी घालत होतो, ही काढत होती."

मालकांनी सगळं ऐकून घेतलं. भंगारवाला हसला, मालक हसले नाहीत. "हिने चुकीचं बघितलं, ठीक आहे," ते म्हणाले. "पण खूण तुम्हाला दिसते का, मिस्त्री?"

मावशीने मान खाली घातली. मिस्त्रींनी पट्टी हातात घेतली. "नाही," ते म्हणाले. "बरेच दिवस धूसर दिसते. पण खुणेपाशी पट्टीवर खाच असते, ती नखाला लागते. तिथवर ओलं आहे का, ते बोटाला कळतं."

मावशीने काढलेलं तेल परत ओतलं आणि इंजिन चालू केलं. मिस्त्रींनी डोळे मिटून पट्टीवरून अंगठा फिरवला. "बरोबर खाचेवर," ते म्हणाले. मालकांनी पट्टी उन्हात धरून नीट पाहिली, पुसून पुन्हा बुडवली, पुन्हा पाहिली. मग भंगारवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला फाटकापर्यंत सोडून आले.

"सोमवारी चष्मा करून या," ते मिस्त्रींना म्हणाले. "आणि ती पिचकारी माझ्याकडे द्या."

मावशी बस धुवायच्या जागेकडे नेऊ लागली तेव्हा मिस्त्री तिच्या मागच्या बाकावर जाऊन बसले. बाक पहिलीतल्या पोरांचा, त्यामुळे गुडघे हनुवटीला टेकले होते. म्हशीने वळायच्या आधी विचार केला आणि मग एकदम गोडीत गिअर बदलला. व्हॅनचं, जावयाचं, सगळं त्यांनी तेव्हा तिला सांगून टाकलं. तिने स्टिअरिंग जरा घट्ट धरलं.

"मला वाटत होतं गाडी म्हातारी झाली," मिस्त्री म्हणाले. "आणि तुला वाटत होतं मी झालो."

"झालातच की," मावशी आरशातून त्यांच्याकडे बघत म्हणाली. "पण गळत नाही कुठे."