गुलाबी प्रतीवरचं अकरावं नाव

आमच्या सोसायटीच्या गेटसमोर कुणी लिंबू-मिरची टाकली की मी मुद्दाम त्यावर पाय देऊन पुढे जायचो. अंगात येणं, करणी, दृष्ट... सगळ्याची आयुष्यभर टिंगल केली. त्यामुळे पुढचं वाचून “काका, तुम्हीपण?” असं म्हणणारे खुशाल म्हणोत. जे झालं ते भर दुपारी, रेल्वेच्या खिडकीवर, मागे वीस माणसांची रांग असताना झालं. आणि खरं सांगू? इतक्या वर्षांनी लिहितानाही भीती नाही वाटत, संताप येतो.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी वाशीला सिडकोच्या बिल्डिंगमध्ये राहायचो आणि तुर्भ्याच्या एका कारखान्यात डिस्पॅच क्लार्क होतो. दिवसभर चलनं फाडायची. तीन प्रती, मध्ये दोन कार्बन. हे मुद्दाम सांगतोय, कारण तुम्ही लगेच म्हणणार की कार्बन घालताना काहीतरी घोळ झाला असेल. अहो, बावीस वर्षं दुसरं केलं काय मी!

माझी मुलगी मेघना ज्युनिअर मुलींच्या हॉकी संघात होती. त्यामुळे संघटनेच्या सेक्रेटरीसाहेबांनी मला संघाचा मानद मॅनेजर केलं होतं – म्हणजे फुकटचा हमाल. तिकिटं काढा, स्टिकांची बोचकी बांधा, पालकांकडून वर्गणी गोळा करा. त्या वर्षी स्पर्धा भोपाळला होती. मुली स्लीपरमध्ये, त्याही संडासाशेजारच्या बर्थवर. आणि साहेब एसीत, ‘संघाच्या कामासाठी’. तिकीट कशातून? पालकांच्या वर्गणीतून! आयजीच्या जिवावर बायजी उदार. आम्ही मुकाट्याने द्यायचो, कारण न देणाऱ्याची मुलगी पुढच्या वेळी ‘फॉर्मात नसायची’.

सगळ्यात आधी पैसे आणले घणसोली गावातल्या वनिता म्हात्रेच्या आईने. वनिता आमची लेफ्ट हाफ. तिच्याकडून बॉल काढून घेताना मोठमोठ्या मुली रडकुंडीला यायच्या. तिचं ज्युनिअरमधलं हे शेवटचं वर्ष होतं.

“सायेब, हे भारं घ्या,” तिची आई भाड्याचे पैसे पुढे करत दारातूनच म्हणाली. “पोरीचा नाव पयला लिवा. औंदा गेली तं गेली, नायतं तिचा बाप लगीन लावून मोकला होईल.”

“लिहितो हो, काळजी करू नका,” मी म्हणालो. किती सहज म्हणालो!

रेल्वेच्या सवलतीसाठी संघटनेचं एक पत्र लागायचं. त्याचं पुस्तक असायचं – पांढरी प्रत रेल्वेला, गुलाबी मॅनेजरकडे, पिवळी पुस्तकातच. एका रविवारी सकाळी ते भरायला मी साहेबांच्या घरी गेलो. मी कार्बन घातले, ते नावं आणि जन्मतारखा सांगत गेले, मी लिहीत गेलो. दहा झाली.

“अकरा नंबरला आमची पुतणी टाका, राजेश्वरी.”

“साहेब, ती कुठे खेळते?”

“बारावीला आहे. इंजिनिअरिंगला स्पोर्ट्स कोट्यात सर्टिफिकेट लागतं ना. बेंचवर बसेल हो, तुम्हाला काय टेन्शन?”

“मग वनिता? सोळाच्या वर नावं घेत नाहीत.”

“घणसोलीची ना ती? तिच्या घरून कोण येणार भांडायला?” साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. बोट बरोबर सहाव्या ओळीवर होतं. “ही तुमची मेघना ना? पुढची तीन वर्षं आहेत तिला... चहा घ्या, गार होतोय.”

मी चहा घेतला. आणि लिहिलं – राजेश्वरी, पुढे तिची जन्मतारीख, मग उरलेली पाच नावं. नेहमीच्या सवयीने बॉलपेन दाबून. साहेबांनी तिन्ही प्रतींवर न वाचता सह्या ठोकल्या, शिक्के मारले, दोन प्रती मला दिल्या आणि पुस्तक ड्रॉवरमध्ये टाकून किल्ली खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी हाफ डे टाकून मी वाशी स्टेशनच्या रिझर्व्हेशन खिडकीवर गेलो. दोन्ही प्रती एकत्र पिनअप केलेल्या होत्या, तशाच आत सरकवल्या. खिडकीवरच्या बाईंनी वरची पाहिली, खालची पाहिली, पुन्हा वरची पाहिली.

“अहो, हे काय? अकरा नंबरला वर एक नाव, खाली दुसरंच. कुठलं खरं?”

मी म्हटलं, शक्य नाही. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. पांढऱ्यावर राजेश्वरी. गुलाबीवर वनिता म्हात्रे.

कार्बनची निळी शाई, अक्षर माझं. बाकी सगळ्या ओळी हुबेहूब. नवव्या ओळीत पेन घसरून एक शेपूट आलं होतं, तेसुद्धा खाली जसंच्या तसं. फक्त अकरावी ओळ वेगळी. आणि वनिताच्या नावापुढे पूर्ण जन्मतारीख, त्यातल्या साताला मी देतो तशी आडवी रेघ. मला तिची जन्मतारीख माहीतच नव्हती हो! मुलींचे दाखले कोचकडे असायचे, मी ते कधी पाहिलेही नव्हते.

“काका, एक काय ते ठरवा. खोडा, सही करा. मॅनेजर तुम्हीच ना? मागे लाइन आहे.”

गुलाबीवरचं नाव खोडलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. सहाव्या ओळीवरचं ते बोट मला स्पष्ट दिसत होतं. धाडस-बिडस काही आलं नाही मला. संताप आला. साहेबांचा आला, आणि तो चहा मुकाट्याने प्यायलेल्या माझाही आला. मी पांढऱ्या प्रतीवरची राजेश्वरी खोडली, वर वनिता म्हात्रे लिहिलं, गुलाबीवरून तारीख उतरवली आणि सही केली. बाईंनी तिकिटं काढून दिली.

संध्याकाळी साहेबांना सांगायला गेलो. ते अक्षरशः किंचाळले. खिशातून किल्ली काढून ड्रॉवर उघडला, पुस्तक काढलं. पिवळ्या प्रतीवर अकरा नंबरला – वनिता म्हात्रे. साहेबांनी ती दिव्यासमोर धरली, बोटाने घासून पाहिली. मग एकदम सुरू झाले, “तुम्ही माझ्या ड्रॉवरला हात लावलात!” चोराच्या उलट्या बोंबा! किल्ली त्यांच्या खिशात, सही त्यांची, शिक्का त्यांचा. मी तेवढंच म्हणालो, “साहेब, सही तुमचीच आहे.” तिकिटावरचं नाव काही बदलता येणार नव्हतं. मग त्यांनी मला बदललं. भोपाळला दुसरा मॅनेजर गेला.

मी कल्याणला मुलींना गाडीत बसवायला गेलो होतो. वनिता त्या संडासाशेजारच्या बर्थवर स्टिक मांडीवर घेऊन बसली होती आणि एवढी खूश होती की मला पोरीकडे बघवेना. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “वनिता, तुझी जन्मतारीख काय गं?”

तिने सांगितली. दिवस, महिना, साल... तीच.

“का वो काका? कागदावर चुकली काय?”

“नाही,” मी म्हणालो. “बरोबर आहे.”

गुलाबी प्रत अजून माझ्याकडे आहे. कारखान्यातल्या जुन्या मंडळींना दाखवली, फॉर्म छापणाऱ्या एकालाही दाखवली. कुणी म्हणतं तुम्ही नंतर घातलंत, कुणी म्हणतं आधीचा कागद मिसळला. आधीचा कागद असता तर पेनाचं ते शेपूट त्याच जागी कसं? मला उत्तर सापडलेलं नाही, आणि आता या वयात सापडेल असंही वाटत नाही.

पुढच्या वर्षी संघाची यादी लागली, त्यात मेघनाचं नाव नव्हतं. त्याच्या पुढच्या वर्षीही नव्हतं. मग तिने स्टिक माळ्यावर टाकली. “बाबा, मी एवढी वाईट खेळते का हो?” असं तिने एकदा विचारलं होतं, तेव्हा मी “सिलेक्शन आहे, व्हायचंच” म्हणून वेळ मारून नेली. तिला खरं कारण आजवर सांगितलेलं नाही. वाचकांच्या अनुभवांचं हे सदर ती नेमाने वाचते, म्हणून इथे लिहितोय.

मेघना, तू वाईट खेळत नव्हतीस. खालचं नाव कुणी लिहिलं ते मला माहीत नाही. वरचं, राजेश्वरीचं, मी तुझ्यासाठी लिहिलं होतं, आणि खोडताना तुला विचारलं नव्हतं.